जेवढं बदललं तेवढंच

१० ऑक्टोबर १९८८, सोमवार

आज कारखान्यात कॉम्प्युटर आला. ट्रकमधून उतरवायला आठ माणसं लागली आणि सूचना द्यायला सोळा. ऑफिस सुपरिंटेंडेंट तात्याराव स्वतः उन्हात उभे होते. मागं बॉयलरचा नवा पाइप आला तेव्हा हा माणूस खुर्चीतनं उठला नव्हता.

मला बोलावून म्हणाले, "उत्तरेश्वर, यंदा उसाच्या गाड्यांचे नंबर ह्याच्यावर दिसणार. एक पडदा फाटकावर, एक वजनकाट्यावर, एक चहाच्या शेडमध्ये. पहिले पंधरा दिवस तुमचा फलक आणि हे, दोन्ही चालवू. ह्याचं जमलं की फलक बंद."

"आणि माझं?"

"ते बघू."

तात्यारावांचं 'बघू' मी बारा वर्षं ऐकतोय. त्यांनी बघितलेलं अजून एकदाही पाहिलं नाही.

मी हंगामी माणूस. गळीत सुरू झालं की बोलावणं येतं, संपलं की घरी. मागची दोन वर्षं दुष्काळानं ऊसच नव्हता, हंगाम अडीच महिन्यांत आटपला, तरी बोलावणं आलं होतं. फलक गेला तर तेही येणार नाही. गाडीतळावर पाचशे गाडीवान माझ्या अक्षराकडं बघत दिवस काढतात, मला नंबरमास्तर म्हणतात. ते गेलं तर मी कोण, असं बायकोला विचारलं. धुरपता पीठ मळता मळता म्हणाली, "माजा नवरा. ती नोकरी कायम हाय."

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या मागोमाग तो चालवणारी बाई आली. कोणी मोठा साहेब येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि जीपमधून उतरली पंचविशीची पोरगी. शरणम्मा नाव, नळदुर्गची, पुण्यात शिकलेली. आल्या आल्या मला 'मामा' म्हणाली. असल्या गोडीला मी भुलत नसतो.

तिला फलक दाखव म्हणून तात्यारावांचा हुकूम. दाखवला. बारा फूट लांब, आठ फूट उंच, काळा कुळकुळीत. बैलगाडी, टायरगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, ही चार नावं आणि प्रत्येकाखाली दहा चौकटी ऑइलपेंटनं कायमच्या रंगवलेल्या. आत खडूनं नंबर. ज्याचा नंबर चौकटीत आला त्यानं बैल जुंपून काट्याकडं निघायचं. ती बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, "मामा, अक्षर कुठं शिकलात हो?" मी म्हणालो, येरमाळ्याच्या जत्रेत पाट्या रंगवून. तिनं ते वहीत लिहून घेतलं. कशाला लागतंय तिला ते?

२० ऑक्टोबर, दसरा

विहारात वंदना झाली, खीर झाली. धम्मचक्राच्या दिवसाचा कापडी बॅनर मीच रंगवला होता, लोकांनी लई वाखाणला. कॉम्प्युटरला म्हणावं, रंगव की कापडावर.

३१ ऑक्टोबर, सोमवार

आज मोळी पडली, गळीत सुरू. आणि आज मी जेवढा हसलो तेवढा लग्नातसुद्धा हसलो नव्हतो.

चहाच्या शेडमध्ये पडदा चालू केला. सगळे गाडीवान चहा सोडून समोर. आधी पडदा काळा. मग वरच्या कोपऱ्यातनं एक एक रेघ, एक एक अक्षर. चौकटी आल्या, नावं आली, चौकटीत नंबर यायला लागले. खाली बटणाचं चित्र आलं, त्यात लिहिलेलं 'गाडी आत'. सगळं भरायला अर्धा मिनिट लागला. तेवढ्यात काट्यावर एक गाडी आत गेली, की लागलं ते भरलेलं सगळं पुसायला. परत काळा, परत वरच्या कोपऱ्यातनं. गाड्या धडाधड येत होत्या, आणि दिवसभरात एकदाही तो पडदा पुरा भरलेला कोणी पाहिला नाही.

वीरप्पा म्हणून एक गाडीवान आहे, अक्कलकोटकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "मास्तर, ह्याच्यापरीस आमची म्हातारी डोळं झाकून रांगोळी लवकर काढती." सगळी शेड हसली. शरणम्मा दारात उभी होती, तिनं ऐकलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं लिहितो, नाही वाटलं.

तिनं तात्यारावांना सांगितलं ते मी ऐकलं. कॉम्प्युटर ऑफिसच्या थंड खोलीत, पडदे तिथून लांब, मधे बारीक वायर. एका वेळी थोडंच जातं त्यातनं. मी मनात म्हणालो, मग कशाला आणला.

३ नोव्हेंबर, गुरुवार

बाई आज हातात घड्याळ घेऊन माझ्या फलकासमोर बसली. उपडी बादली, मांडीवर वही. मी किती वेळ लिहितो, किती वेळ बसतो, सगळं टिपत होती. आता कळलं. माझी फाइल तयार होतेय. हंगामी माणसाला काढायचं तर कारण दाखवावं लागतं.

मग मीही दाखवलं तिला काम काय असतं ते. एकशे चौतीस आत गेली, तिच्या चौकटीत एकशे चव्वेचाळीस लिहायचा होता. मी फक्त तीन पुसला आणि चार काढला.

ती उठून जवळ आली. "सगळा नंबर नाही पुसला?"

"एक आणि शेवटचा चार हायेत की तिथं. त्यांनी काय केलंय?"

"आणि बाकीचे नंबर वर सरकवत नाही?"

"कशापायी? ज्याची गाडी गेली त्याच्याच चौकटीत नवा नंबर. बाकीच्यांना हात लावायचा न्हाय. जेवढं बदललं तेवढंच."

ती हसली आणि भराभरा लिहायला लागली. हसली कशाला ते कळलं नाही. मग विचारलं, ट्रकची खालची ओळ सकाळपासून का लिहिली नाही. आता आली का पंचाईत. मी खरं ते सांगितलं: तिथं पुढ्यात ट्रॅक्टर उभा आहे, ती ओळ कोणाला दिसतच नाही. ट्रॅक्टर हलला की लिहीन. तिनं तेही लिहून घेतलं, वर त्याखाली दोन रेघा मारल्या. हे कामचुकारपणात जाणार, नक्की.

धुरपताला सांगितलं तर ती म्हणती, "ती पोर दुपारी जेवती कुठं?" मी काय सांगतोय आणि ही काय विचारतेय.

७ नोव्हेंबर, सोमवार

पडद्याला अचानक काय झालं कोणास ठाऊक. आज तो पुसतच नव्हता. चौकटी जागच्या जागी, आणि जो नंबर बदलेल तेवढाच टिपकन बदलत होता. पुण्याहून एखादा भाग आला असेल. वीरप्पासुद्धा गप्प बसून बघत होता, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

१० नोव्हेंबर, पाडवा

शरणम्मा दिवाळीला नळदुर्गला जाऊन आली. आमच्या घरी धुरपतासाठी शेंगापोळ्या आणि चोळीचा खण घेऊन आली. धुरपता तिच्याशी तासभर बोलत बसली, जणू माहेरचंच माणूस. जाताना ती मला म्हणाली, "मामा, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा. कागदावर पाहिजे." सांगितली. शेंगापोळी खाऊन माझी फाइल पुरी करून गेली. पोळी मात्र चांगली होती, तीन खाल्ल्या.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोक्यात लख्ख उजाडलं. ती फाइल वगैरे काही करत नाही. ती माझं काम उचलतेय.

झालं असं. काट्यावरनं एका दमात तीन आरोळ्या आल्या, एकाच चौकटीसाठी: एकशे नव्वद, नाही, एकशे ब्याण्णव, अरे थांबा, एकशे पंचाण्णव. मी खडू हातात धरून उभा राहिलो आणि शेवटी एकदाच लिहिलं, एकशे पंचाण्णव. ती बादलीवरनं म्हणाली, "मधले दोन सोडून दिले?" मी म्हणालो, ते लिहून वाचणार कोण, लगेच पुसायचेच होते. ती वही घेऊन थंड खोलीत पळाली. तासाभरानं शेडमध्ये गेलो तर पडदाही तसंच करत होता. बारा वर्षांचं माझं, तिनं आठ दिवसांत तारेत घातलं.

दुपारी परत आली. म्हणाली, "मामा, एकच कळत नाही. जेवढं बदललं तेवढंच म्हणता, मग सकाळी आल्यावर आणि बाराच्या भोंग्याला सगळा फलक ओल्या पोत्यानं धुऊन काढता, आणि तेच नंबर पुन्हा लिहिता. ते का?"

मी खडू खाली ठेवला.

ते का, हे मला पक्कं माहीत आहे. तिसऱ्या हंगामातली गोष्ट. एका गाडीवानानं फलकाला पाठ टेकली आणि सत्तेचाळीसमधला अर्धा नंबर त्याच्या घोंगडीला लागून गेला. माझ्या डोक्यात तो लिहिलेलाच होता. मी वळूनही बघितलं नाही. सत्तेचाळीस नंबरवाला संध्याकाळपर्यंत वाट बघत बसला, त्याचा ऊस वाळला. आपल्या डोक्यातला फलक आणि लाकडाचा फलक ह्यांची गाठ दिवसातनं दोनदा तरी घालावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिला म्हणालो, "ते व्हय? ते आपलं पूजेसारखं. सवय."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं वहीतली ती ओळ खोडली. मी बघितलं. सगळंच का द्यायचं?

१४ नोव्हेंबर, सोमवार

फलक बंद. तात्यारावांनी त्यावर गोणपाट टाकायला लावलं. मला चहाच्या शेडमध्ये पडद्याशेजारी स्टूल दिलं, कोणाला समजलं नाही तर समजावून सांगायचं. पडदा छान चालतो. मी त्याच्याकडं पाठ करून बसतो, मुद्दाम.

१६ नोव्हेंबर, बुधवार

तात्यारावांनी माझं सातवीचं सर्टिफिकेट मागितलं. काढायच्या आधी कागद पुरे करतात. आणून दिलं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं सविस्तर लिहितो.

सकाळपासून वर्कशॉपात वेल्डिंग चाललं होतं. दुपारी दोनला कस्तुराबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. नवऱ्याचा हात मोडलाय म्हणून यंदा ती स्वतः बैलगाडी हाकते. म्हणाली, "मास्तर, माजा दोनशे बारा आलाच न्हाय की वो. पहाटंपासनं बसलेय. आता दोनशे साठ आत चाललीत."

मी वळून पडद्याकडं बघितलं. मधल्या चौकटीत दोनशे बहात्तर. आजूबाजूला दोनशे सत्तरच्या पुढचं कोणीच नाही, मग हा एकटाच बहात्तर कुठला? मला एका क्षणात कळलं. वेल्डिंगनं वायरीत खरखर झाली, एकाचा सात झाला. आणि कॉम्प्युटर आपला निवांत, कारण त्याच्या डोक्यात दोनशे बारा लिहून झालेला. जे बदललं नाही ते तो परत काढणार नाही. काट्यावरच्या पडद्यावर नंबर बरोबर होता. तिथं तिला दोनदा पुकारलं, ती आली नाही, म्हणून तिची गाडी सगळ्यात शेवटी टाकायची चिठ्ठी निघाली होती.

बैल उन्हात उभे, उसाची वाढी, शेंड्याची पानं, करपलेली. मी काट्यावर जाऊन आडवा उभा राहिलो, म्हणालो, दोनशे बारा आधी, मग बाकी जग. ती आत गेली. तिला रडू येत होतं पण ती रडली नाही, मला नुसती म्हणाली, "तुमचा फलक बरा व्हता."

झालं. वीरप्पानं तेच मोठ्यानं म्हटलं, आणि मग शंभर जणांनी. फलक आणा, टीव्ही घेऊन जा. तात्याराव धावत आले. सगळ्यांसमोर शरणम्माला नको ते बोलले, म्हणाले, "उद्यापासून फलक. हे डबडं सोमवारी पुण्याला परत, आणि तुम्हीही." ती हातातली वही उघडून नुसती पानं उलटत राहिली, चूक कुठं आहे ते शोधत. त्या वहीत ती चूक नव्हती. ती मी लिहूच दिली नव्हती.

लोकांनी फलकावरचं गोणपाट काढलं. मला अकरा कप चहा पाजला. मी जिंकलो.

घरी आल्यावर धुरपताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असं व्हतंय म्हणून तुमाला आधी ठावं व्हतं का?" मी म्हणालो, भाकरी वाढ. तिनं वाढली. कालवणाला चव नव्हती. मीठ घातलंय का विचारलं, तर घातलं होतं.

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी फलक लिहिला. अक्षर ठीक आलं. अकरापर्यंत कसंबसं थांबलो, मग खडू वीरप्पाच्या हातात देऊन थंड खोलीत गेलो. शरणम्मा जमिनीवर बसली होती, भोवती सगळ्या वायरी उसकटलेल्या.

मी म्हणालो, "ते फलक धुवायचं. ती पूजा न्हाय." आणि सत्तेचाळीस नंबरची गोष्ट सांगितली, पाठ टेकण्यापासून ऊस वाळेपर्यंत. शेवटी म्हणालो, "परवा सांगायचं राहून गेलं. विसरलो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल काहीतरी, बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं वही ओढली आणि विचारलं, "मधेच कोणी पाठ टेकलेली दिसली तर? भोंग्यापर्यंत थांबता?"

"छ्या. तेवढाच तुकडा लगेच लिवायचा. सगळा फलक कशाला?"

"तेवढाच तुकडा," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

मग आम्ही दोघं तात्यारावांकडं गेलो. मी म्हणालो, दोन दिवस द्या साहेब, नाही जमलं तर हे डबडं मी एकटा ट्रकात चढवतो. ते म्हणाले, बघू. पण ह्या वेळी त्यांनी सोमवारची गाडी खरंच थांबवली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

लई मजा आली. वर्कशॉपवाल्यांना मुद्दाम वेल्डिंग करायला लावलं. सगळा गाडीतळ शेडमध्ये. पडद्यावर ठिणग्या उडाल्यासारखं झालं आणि तीनशे चाळीसच्या चौकटीत कसलंसं फुलपाखरू येऊन बसलं. लोक पुढं सरकले. शरणम्मानं माझ्या स्टुलापाशी एक कळफलक ठेवला होता. मी बाण त्या चौकटीवर नेला, कळ दाबली, आणि तेवढीच चौकट पुसून पुन्हा आली, तीनशे चाळीस. बाकी पडदा जागचा हलला नाही. वीरप्पा म्हणाला, "पुन्हा बिघडवा की जरा." तीनदा बिघडवायला लावलं, तीनदा मी नीट केलं.

बाराचा भोंगा झाला तसा पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यातनं सगळा नव्यानं भरला. अर्धा मिनिट कोणी चहाला तोंड लावलं नाही. भरून झाल्यावर कस्तुराबाईनं आपला नंबर मोठ्यानं वाचला आणि बैल जुंपायला गेली. शरणम्मा एवढी हसत होती की तिला बोलता येईना. 

२ डिसेंबर, शुक्रवार

तात्यारावांनी बोलावलं. टेबलावर कागद. म्हणाले, "वाचा."

मला कायम केलंय. गाडीतळाचे सगळे पडदे आणि फलक माझ्या देखरेखीखाली, बारमाही. खाली शरणम्माचा अर्ज जोडला होता. तिनं लिहिलं होतं की पडद्यावर कमीत कमी काढून काम भागवण्याची सगळी रीत ह्या गृहस्थांची आहे, ती आपण त्यांच्यासमोर बसून शिकलो, पुण्यातल्या पुस्तकात ती ह्या सोप्या रूपात नव्हती, आणि ह्यांच्याशिवाय ही यंत्रणा चालवू नये. तात्याराव म्हणाले, "मला म्हणाली होती, मंजूर होईपर्यंत मामांना सांगू नका, उगीच आशा लागेल."

मी अर्ज दोनदा वाचला. मग तारीख बघितली. बारा नोव्हेंबर.

अकराला मी तिला 'पूजेसारखं' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिनं हे लिहिलं.

सही न करताच कागद घेऊन थंड खोलीत गेलो. ती ट्रॅक्टरच्या चौकटी नीट लावत होती. मी दारातच म्हणालो, "पोरी, मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सांगितलं न्हाय. तू पडावीस म्हणून."

तिनं मान वर केली. "माहीत आहे, मामा."

"कधीपासनं?"

"तुम्ही विसरलो म्हणालात तेव्हापासून. दहा वर्षांपूर्वीचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस दहा दिवसांपूर्वीचं कसं विसरेल?"

"मग हा अर्ज माघारी घे. मी हरकत घेणार न्हाय."

ती हसली. म्हणाली, "अर्ज तुमच्या कामासाठी केलाय, स्वभावासाठी नाही. स्वभावाचं मामी बघतील. सही करा आणि इकडं या, ह्या चौकटी मला जमत नाहीत."

मी तिथंच, तिच्या टेबलावर कागद ठेवून सही केली. नाव वाकडं गेलं आणि शेवटचं अक्षर रेघेखाली पडलं. माझ्या हातचं एवढं वाईट अक्षर ह्या कारखान्यात कोणी पाहिलं नसेल. मी ते पुसलं नाही, तसंच तात्यारावांना नेऊन दिलं.